तळ्याच्या वरच्या अंगाला काम निघतं तेव्हा

जोगेश्वरी पूर्वेत पाणी कुठून कुठे जातं हे पावसाळ्यात कोणालाही दिसतं. आरेच्या टेकड्यांवरून ते उतरतं, वस्त्यांमधल्या नाल्यांतून ओशिवरा नदीला मिळतं आणि पुढे मालाडच्या खाडीत जातं. या उतारावर चाळी, बैठी घरं, म्हाडाच्या वसाहती आणि सोसायट्या दाटीने उभ्या राहिल्या. आता त्यांतल्या कितीतरी आवारांभोवती पुनर्विकासाचे पत्रे लागले आहेत. जिथे पुनर्विकास नाही तिथे दुरुस्ती आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचं प्लास्टर, नवा मजला. या सगळ्या कामांचं पाणी उताराने खाली जातं, आणि खालच्या अंगाला एखादं तळं असेल तर आधी त्यात शिरतं.

याची सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत जुनी साक्ष जोगेश्वरीच्या लेण्यात आहे. सहाव्या शतकात कोरलेलं हे शैव लेणं आसपासच्या जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून आत जावं लागतं. खडक ज्वालामुखीजन्य संकोणाश्माचा, म्हणजे टोकदार दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन बनलेला. लेण्याच्या माथ्यावर आणि चहूबाजूंनी घरं झाली, आणि त्यांची ओल, सांडपाणी, पावसाचा लोंढा आत उतरू लागला. कोणी लेण्यावर हातोडा चालवला नव्हता. वरच्या अंगाला माणसं राहायला आली आणि त्यांच्या पाण्याची वाट कोणी ठरवली नाही, एवढं पुरेसं झालं. आज राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत ते परवानगीनेच करता येतं.

सोसायटीच्या बागेतल्या तळ्याला असं कुंपण नाही. आवारातलं एखादं झाड तोडायचं तर महाराष्ट्रात १९७५च्या वृक्ष कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. त्याच झाडाखालचं कुमुदिनीचं तळं बुजवायला कोणालाही विचारावं लागत नाही. पाणथळ जागांसाठीचे २०१७चे नियमही माणसाने बांधलेल्या अशा छोट्या कुंडांपर्यंत पोहोचत नाहीत. इंग्लंडमध्ये तळ्यात तुरेवाला न्यूट हा पालीसारखा दिसणारा उभयचर राहत असेल, तर जवळ घर बांधणाऱ्याला आधी परवाना मिळवून त्याची सोय करावी लागते. आपल्याकडे ही जबाबदारी पूर्णपणे तळं ज्यांचं आहे त्यांच्यावर येते, आणि म्हणून ती काम सुरू होण्याआधी समजून घेणं भाग आहे.

मुंबईला तळी गमावण्याची जुनी सवय आहे. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं बसच्या पाट्यांवर राहिली, पाणी गेलं. त्यामागे जागेची भूक होती तसा मलेरियाही होता. १९११ साली डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाच्या कारणांवर अहवाल दिला. अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्सी हा डास विहिरी, टाक्या, हौद अशा स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो हे त्यामुळे ठळक झालं, आणि शहरातल्या विहिरी व तळी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम जोरात चालली. डासाची भीती खरी होती. पण मासे असलेल्या, हलत्या, जिवंत पाण्यात हा डास टिकत नाही. महापालिकेचं कीटकनाशक खातं आजही हौदांमध्ये गप्पी मासे सोडतं ते याच कारणाने. बांधकामाच्या काळात तळं मरतं, मासे जातात आणि पाणी मात्र तसंच पडून राहतं, तेव्हा बेंटलींच्या अहवालातली परिस्थिती आपणच आपल्या अंगणात तयार करतो. अळी ते डास हा प्रवास उकाड्यात आठ-दहा दिवसांत पुरा होतो.

तर मग तळं मरतं कशाने? बहुतेकांना भीती वाटते विटेची, पडणाऱ्या पत्र्याची, राडारोड्याची. त्याने नुकसान होतं, पण ते दिसतं, आणि दिसणारी वस्तू उचलता येते. खरा मारेकरी सिमेंटचं पाणी आहे.

सिमेंट पाण्याशी संयोग पावतं तेव्हा कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. पानाच्या चुन्यावर जी निवळी येते तीच ही. तिचा सामू, म्हणजे पीएच, साधारण १२.४ असतो. बागेतल्या निरोगी तळ्याचा सामू ७ ते ८.५च्या दरम्यान. हा फरक चार-पाच अंकांचा दिसतो, पण सामूची पट्टी प्रत्येक पायरीला दहापटीने चढते, म्हणजे फरक हजारो पटींचा आहे. ओलं सिमेंट हातांची कातडी सोलतं हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असतं. माशांचे कल्ले त्याहून कितीतरी नाजूक. त्यांच्या पातळ पडद्यांवर हे पाणी गेलं की त्यांना श्वास घेता येत नाही.

याहूनही घातक गोष्ट जरा आडवाटेने घडते. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येत असतो. तो दोन रूपांत राहतो, एक जवळजवळ निरुपद्रवी आणि दुसरं विषारी. कोणतं रूप किती असेल हे सामू ठरवतो. पाणी २८ अंश सेल्सियस असताना सामू ७ असेल तर विषारी भाग एक टक्क्याहूनही कमी असतो, ८ झाला की सहा-सात टक्के, आणि ९ झाला की ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तळ्यात अमोनिया वाढलेला नसतानाही, केवळ थोडं सिमेंटचं पाणी आल्याने तोच अमोनिया विष बनतो. काल ठणठणीत असलेले मासे सकाळी पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात आणि मालकाला वाटतं, कोणीतरी औषध टाकलं. कोणी काही टाकलेलं नसतं. वरच्या मजल्यावर स्लॅबला पाणी मारलेलं असतं.

स्लॅबचं क्युरिंग म्हणजे दिवसचे दिवस पाणी. नव्या स्लॅबवर सिमेंटचे छोटे बांध घालून पाणी साठवतात, भिंतींवर दिवसातून दोनतीनदा पाइप मारतात, आणि हे पाणी सिमेंटमधला चुना घेऊन खाली उतरतं. ते स्वच्छ दिसतं, म्हणूनच फसवतं. हिशेब करून बघा. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर खोल तळ्यात ३,६०० लिटर पाणी मावतं. त्या तळ्यावर थेट १०० मिलिमीटर पाऊस पडला तर जेमतेम ६०० लिटर भर पडते, आणि ती निरुपद्रवी असते. पण ५० चौरस मीटरच्या गच्चीवर तोच पाऊस ५,००० लिटर पाणी देतो. गच्चीवर नुकताच ब्रिकबॅट कोबा झालेला असेल, सिमेंटची भुकटी पडलेली असेल आणि गच्चीचा पाइप तळ्याच्या बाजूला उघडत असेल, तर एका दिवसात तळ्यात मावेल त्याहून जास्त चुन्याचं पाणी त्याच्याकडे धावत येतं. मुंबईत १०० मिलिमीटर पाऊस हा पावसाळ्यातला एक साधा जोराचा दिवस असतो.

म्हणून पहिलं काम पाण्याच्या वाटेचं. खोदाईच्या आधी एक बादली पाणी आवाराच्या वरच्या टोकाला ओतावं आणि ते कुठे जातं ते बघावं. तळ्याच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढावी, तिचा उतार तळ्याला वळसा घालून दूरच्या खड्ड्याकडे द्यावा, म्हणजे गाळ तिथे बसेल. चरीच्या आणि तळ्याच्या मधे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या रेतीच्या गोणींचा बांध रचावा. हा बांध विटांचा केला तर मातीत बसवावा, सिमेंटमध्ये नाही. गच्चीच्या पाइपांची तोंडं कामाच्या काळापुरती लवचिक नळी जोडून दुसरीकडे न्यावीत. खड्ड्यातलं पाणी गाळ बसू न देता तसंच पावसाळी गटारात सोडणं तळ्याच्या दृष्टीने सोयीचं, पण इथली गटारं ओशिवऱ्यात जातात, आणि त्या नदीने आधीच पुष्कळ सोसलं आहे.

दुसरं काम माणसांचं. माल कालवायची जागा तळ्यापासून दूर आणि उताराने खालच्या बाजूला असावी, लोखंडी पत्र्यावर किंवा जाड ताडपत्रीवर. हे बहुतेक कंत्राटदार सांगितल्यावर ऐकतात. निसटतं ते संध्याकाळी. काम संपलं की बिगारी घमेली, फावडी, थाप्या धुतात, हातपाय धुतात, आणि ते सर्वांत जवळच्या पाण्यात. त्यात त्यांचा दोष नाही, साइटवर त्यांच्यासाठी दुसरं पाणीच ठेवलेलं नसतं. पाण्याने भरलेली दोन पिंपं, एक अवजारांना आणि एक हातपाय धुवायला, आणि त्यांच्या शेजारी एक नळ एवढी सोय केली तर तळ्यावरचं अर्धं संकट टळतं. मुकादमाला एकदा तळ्याजवळ नेऊन मासे दाखवावेत. सूचनेचा कागद चिकटवण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं असं माझं ठाम मत आहे. गावाकडे विहीर आणि तळं सांभाळलेल्या माणसाला पाणी जिवंत असतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

सिमेंटइतकीच काळजी वाळवीच्या औषधाची. जोत्याच्या कडेने भोकं पाडून जमिनीत औषध सोडतात, आणि ते तळ्याच्या काठापर्यंत झिरपू शकतं. या कामात वापरलं जाणारं क्लोरपायरिफॉस आणि बायफेन्थ्रिन माशांना अत्यंत विषारी आहेत. इमिडाक्लोप्रिड माशांना त्या मानाने कमी लागतं, पण पाण्यातल्या किड्यांना, त्यातही चतुरांच्या पिलांना ते घातक. कोणतं औषध येणार आहे हे आधी विचारा, आणि तळ्याकडच्या बाजूला ते सोडूच देऊ नका. मार्बल आणि मोझॅकच्या पॉलिशला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात, त्याचं धुवण तळ्यात जाता कामा नये. शटरिंगला लावायचं तेल पाण्यावर तवंग धरतं आणि हवेचा मार्ग बंद करतं. पीओपी आणि पुट्टीचा चुरा पाणी गढूळ करतो.

धुळीचं काय, हे मुंबईत गेली काही वर्षं सगळेच विचारतात. महापालिकेने ऑक्टोबर २०२३मध्ये बांधकामांसाठी नियम काढले: साइटभोवती उंच पत्रे, बांधकामावर ओलं हिरवं कापड, सतत पाणी फवारणं. नियम चांगले आहेत, त्यांनी हवा वाचते. पण फवारलेलं पाणी धूळ घेऊन खाली उतरतं, म्हणून जिथे फवारणी जास्त तिथे वर सांगितलेली चर जास्त गरजेची. तळ्यावर बांबूचा सांगाडा उभारून हिरवी शेडनेट लावावी, सपाट नाही तर एका बाजूला उतरती, म्हणजे धूळ आणि खडे एका कडेला घसरतील. प्लास्टिकने तळं गच्च झाकून टाकणं ही सगळ्यांत मोठी चूक. झाकलेल्या पाण्यात उजेड पोहोचत नाही, वनस्पती प्राणवायू सोडत नाहीत आणि उन्हाने पाणी तापतं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच. तोडफोडीच्या वेळी, दोनचार तासांपुरती ताडपत्री घालायला हरकत नाही. संध्याकाळी ती निघालीच पाहिजे. पाण्यावर धुळीची साय धरली तर वर्तमानपत्राचं पान पृष्ठभागावर पसरून हलकेच ओढून घ्यावं, साय कागदाला चिकटून येते.

जोगेश्वरीच्या खडकाळ भागात पायासाठी ब्रेकर लावावा लागतो. त्याच्या हादऱ्यांनी जुन्या सिमेंटच्या कुंडाला केसासारख्या चिरा जातात. काम सुरू होण्यापूर्वी काठावर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने रोज काही मिलिमीटर पाणी घटतं, त्याहून वेगाने उतरू लागलं तर गळती समजावी. बेसमेंटसाठी शेजारी खोल खणून पंपाने पाणी उपसत असतील तर मातीच्या तळाचं तळं आटू शकतं, सिमेंटचं किंवा प्लास्टिकच्या अस्तराचं सहसा नाही.

आणि वीज. कामासाठी मीटर हलवतात, वायर तुटते, कोणीतरी पंपाचा प्लग काढून तिथे टाइल कापायचं यंत्र लावतं. फिल्टरच्या स्पंजमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू राहतात. वाहतं पाणी थांबलं की काही तासांत ते प्राणवायूअभावी मरू लागतात. पंपाला स्वतंत्र जोडणी द्यावी आणि बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप जवळ ठेवावा.

पाण्याची तपासणी अवघड नाही. सामू बघायचे थेंब किंवा पट्ट्या क्रॉफर्ड मार्केटच्या मत्स्यालयांच्या दुकानांत मिळतात. काम चालू असताना रोज सकाळी सामू बघावा आणि लिहून ठेवावा. गढूळपणासाठी १८६५ साली अँजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने वापरलेली युक्ती आजही जगभर चालते: पांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची आणि ती कोणत्या खोलीला दिसेनाशी होते ते बघायचं. आपल्या तळ्याला पांढरी बशी पुरते. सामू चढला तर व्हिनेगर किंवा अ‍ॅसिड ओतून तो झटक्यात उतरवायचा मोह होतो. तो आवरावा, कारण सामूची अशी उडी माशांना चढलेल्या सामूइतकीच मारते. चौथा हिस्सा पाणी बदलावं, हवेचा पंप जोरात चालू ठेवावा आणि खाद्य बंद करावं. हवेतला कार्बन डायऑक्साइड चुन्याला हळूहळू निरुपद्रवी करतो, पाण्यावर दिसणारी पांढरी पापडी त्याचीच. नवं पाणी भांडुपहून येणारं नळाचं असेल तर त्यात क्लोरीन असतो. ते एक दिवस उघड्या पिंपात हवा सोडून ठेवावं. टँकरचं किंवा बोअरचं पाणी खारट निघू शकतं, चाखल्याशिवाय तळ्यात सोडू नये.

काम तळ्याला लागूनच असेल, किंवा इमारतच पाडायची असेल, तर मासे हलवण्याला पर्याय नाही. सावलीत १,००० लिटरची टाकी ठेवावी, निम्मं पाणी तळ्यातलंच घ्यावं आणि जुना फिल्टर ओला ठेवूनच तिथे लावावा. आदल्या दिवशी खाद्य देऊ नये. पहाटेच्या गारव्यात मासे धरावेत आणि टाकीवर जाळी बांधावी, कारण नव्या जागी पहिल्या रात्री मासे उड्या मारतात. तळाचा गाळ फेकून देण्याची घाई नको. चतुर आणि टाचण्यांची पिलं त्या गाळात महिनोन्महिने राहतात आणि डासांच्या अळ्या खातात. दोन बादल्या गाळ, काही दगड आणि पाणवनस्पतींचे कंद ओलेच जपून ठेवावेत. बेडकांसाठी काठावर तिरकी फळी लावली की ते स्वतःच बाहेर पडतात.

मासे किंवा कासवं श्यामनगरच्या तलावात किंवा पवईत सोडून देणं पुण्याचं वाटतं, पण तसं करू नये. लाल कानाची विदेशी कासवं आणि शोभेचे मासे तिथल्या मूळच्या जिवांच्या तोंडचा घास काढतात. उलट, तळ्यात मऊ पाठीचं भारतीय फ्लॅपशेल कासव सापडलं तर ते १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने संरक्षित आहे, ते पाळणं आणि स्वतः हलवणं दोन्ही गुन्हा ठरतो. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

रिकाम्या केलेल्या तळ्यात थेंबभरही पाणी राहू देऊ नये. आणि काम झाल्यावर कुंडाला नवं प्लास्टर केलं असेल तर लगेच मासे सोडू नयेत, कारण आता चुना बाहेरून नाही, तळ्याच्या भिंतींतूनच सुटणार असतो. कुंड भरून आठवडाभर ठेवावं, उपसावं, पुन्हा भरावं. मत्स्यपालन करणारे अशा नव्या हौदात केळीच्या खुंटाचे तुकडे टाकून पाणी कुजवतात आणि मग धुऊन काढतात. सामू सलग काही दिवस साडेआठच्या खाली राहिला की आधी वनस्पती, मग थोडेसे गप्पी, आणि ते ठीक राहिले तरच बाकीचे मासे.

हे सगळं एकट्या माणसाने रोज लक्ष ठेवून होणार नाही. पुनर्विकास असो की वॉटरप्रूफिंग, कंत्राटदार करारात लिहिलेलं करतो, तोंडी सांगितलेलं विसरतो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत निविदेचा मसुदा येतो तेव्हा त्यात गच्चीच्या टाइल्सचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. तिथेच चार गोष्टी घालायला सांगा: तळ्याची जागा नकाशावर दाखवणं, पाणी वळवण्याची चर, पंपाची स्वतंत्र वीजजोडणी, आणि काम संपल्यावर तळं मूळ स्थितीत परत देण्याची जबाबदारी. पुनर्विकासात जुनं तळं पाडलं जाणारच असेल तर नव्या आराखड्यात त्याच मापाचं तळं मागा, आणि ते पोडियमवरच्या कारंज्यात बदलणार नाही हे लिहून घ्या.

मुंबईत पावसाळ्यापूर्वीच्या दुरुस्त्या एप्रिल-मेमध्ये निघतात. तेव्हा पाणी सर्वांत तापलेलं आणि प्राणवायू सर्वांत कमी असतो, आणि लगेच जूनच्या पहिल्या सरी गच्चीवरचा सगळा चुना धुऊन खाली आणतात. म्हणून सभेची नोटीस मार्चच्या आत हाती पडेल असं बघा, आणि तळ्याचा विषय तिच्यात आहे ना ते वाचून घ्या.